चार ठिपक्यांचं इंजिन

बंगळूरहून म्हैसूरला यायला विजयेंद्रला ट्रेननं अडीच तास लागत, पण आल्यावर उपदेश सुरू करायला अडीच मिनिटंही लागत नसत. त्या वर्षी गणपतीला तो आला, हातपाय धुतले, मोदक उचलला आणि तो तोंडात जायच्या आत म्हणाला, "अक्का, आता पुरे. अप्पाला घेऊन तू माझ्याकडं ये. हे घर भाड्यानं देऊ."

नागरत्ना त्याची थोरली बहीण. वय एक्कावन्न. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याचं तिला स्वतःला काडीचं दुःख नव्हतं. जे काही दुःख होतं ते नातेवाइकांना. म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात तिनं बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. कुठला नट कुठल्या खणात, कुठलं बेअरिंग कुठल्या मशीनचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. पुरुष खिडकीशी येत, वस्तू मागत, ती काढून देई, ते घेऊन जात. पाना मात्र तिच्या हाती कधी कुणी दिला नाही. दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, आणि आता ती, ऐंशी वर्षांचे अप्पा आणि दोन खोल्यांपुढचा पत्र्याचा मांडव एवढाच तिचा कारभार उरला होता.

त्या मांडवात फियाट उभी होती. अप्पांनी, म्हणजे कृष्णमूर्तींनी, ती कापडाचे गठ्ठे दुकानांत पोचवायला घेतली होती. घराणं रंगाऱ्यांचं, लाकडी ठशांनी कापड छापणारे त्यांच्या घरातले ते शेवटचे. अप्पांचे गुडघे गेल्यापासून गाडी नागरत्ना चालवत होती. दर सोमवारी बापलेक नंजनगूडला दर्शनाला जात, येताना रस्त्यात इडली खात आणि कुणाकुणाची निंदा करत घरी येत. वैशाखातल्या एका सोमवारी गाडीनं निळा धूर ओकला, पोटातून खडखड काढली आणि रस्त्यातच बसली. ती दोरीनं ओढून घरी आणावी लागली. तीन मेकॅनिक येऊन बघून गेले. तिघांनी एकच शब्द उच्चारला: भंगार.

विजयेंद्रच्या हाती हे कोलीत मिळालं. "अप्पाला बसमध्ये चढता येत नाही. गाडी मेली. उद्या काही झालं तर?"

"ऑटो आहेत की गावात."

"ती गाडी तसंच हे घर, अक्का. दोन्हींचा जीव गेलाय, तू सुम्मने धरून बसलीयस." सुम्मने म्हणजे उगाच. हा शब्द त्यांच्या घरातल्या मराठीत मिठासारखा सगळीकडं असे. मग पाहुण्यांनी भरलेल्या खोलीकडं बघून, बँकेत मीटिंग घेतो तशा आवाजात तो म्हणाला, "बरं, गाडी चालू करून दाखव. भाऊबीजेपर्यंत. मग हा विषय मी जन्मात काढणार नाही. नाही झाली, तर सामान बांधायचं."

"सरी, ठीक आहे," नागरत्ना म्हणाली. "मीच उघडते इंजिन."

खोलीत हशा पिकला. रंगारी समाजाचे जुने अध्यक्ष तुकोजीराव, नात्यानं काका, डोळे पुसत म्हणाले, "पोरी, इंजिन म्हणजे मिक्सर नव्हे."

"मिक्सर पण मीच दुरुस्त करते, काका," ती म्हणाली आणि मोदकाचं ताट घेऊन आत गेली. विजयेंद्रच्या बंगळूरच्या फ्लॅटमधली, अकराव्या मजल्यावरची खोली तिनं पाहिली होती. तिथल्या खिडकीतून समोरची इमारत दिसते आणि त्या इमारतीतून ही. तिथं तिला कुणी वाईट वागवलं नसतं, पण चहा करायचा तरी आधी भावजयीला विचारावं लागलं असतं. तिला तसं जगायचं नव्हतं. हे घर सोडायची तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिला राग येई. तो आता चांगलाच आला होता.

दुसऱ्याच दिवशी तिनं चिदंबरला गाठलं. चिदंबर तिच्याच कारखान्यातला फिटर. आता हेब्बाळला त्याचं स्वतःचं लेथचं दुकान होतं. त्याची बोली कन्नड, पण बावीस वर्षं तिच्या खिडकीशी उभा राहून मराठी शिकलेला. सगळं ऐकून त्यानं दोन्ही हात जोडले. "बेड, अक्का. नको. इंजिन म्हणजे स्टोअर नव्हे."

"स्टोअर म्हणजे तरी काय वाटलं तुला? चहाची टपरी?"

तो हसला, आणि दोन माणसं नि साखळीची कप्पी घेऊन आला. इंजिन वर निघालं आणि अप्पांच्या जुन्या छपाईच्या टेबलावर बसलं. दणकट टेबल, कुरकुरलं, पण टिकलं. माणसं गेली. नागरत्नानं साडीवर अप्पांचा जुना शर्ट चढवला, मोबाइलवर व्हिडिओ लावला, एका मोडक्या-तोडक्या मॅन्युअलची झेरॉक्स उघडी ठेवली आणि पहिला बोल्ट फिरवला. तो हलला नाही. तिनं पान्याला पाइप लावला, पाय टेबलाला टेकवला आणि त्या बोल्टला कन्नडमध्ये असं काही म्हटलं, की अप्पांनी आपल्या खुर्चीतून मान वळवली. बोल्ट सुटला.

इंजिन उघडणं सोपं. पाडापाडी कुणालाही जमते. खरी परीक्षा असते ती निघालेली वस्तू पुन्हा जिथली तिथं जाण्याची, आणि त्यात नागरत्नाला कोण हरवणार? प्रत्येक तुकडा ताटलीत, ताटलीला चिठ्ठी. चार पिस्टन दिसले तेव्हा तिनं रंगाची बाटली घेतली आणि रेडिएटरच्या बाजूनं, डावीकडून सुरू करून, पिस्टनच्या डोक्यावर ठिपके दिले: एक, दोन, तीन, चार. हीसुद्धा घरचीच पद्धत. रंगारी आपल्या ठशांवर आकडे लिहीत नाहीत, कडेला ठिपके देतात.

मग चिदंबरच्या माणसांना पुन्हा बोलावून इंजिन उताणं केलं. आता पिस्टनचे दांडे खालून दिसू लागले. प्रत्येक दांडा खाली क्रँकला, म्हणजे त्या मोठ्या वाकड्या दांडीला, मिठी मारून असतो, आणि त्या मिठीचा खालचा अर्धा भाग म्हणजे त्याची टोपी, दोन नटांनी आवळलेली. टोपी आणि दांडा कारखान्यात एकत्र कापलेले असतात. ती जोडी जन्माची. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. मॅन्युअलमध्ये हे ठळक लिहिलं होतं, आणि नागरत्नानं तीनदा वाचलं होतं. म्हणून तिनं टोप्या काढायच्या आधी त्यांच्यावरही ठिपके दिले. एक, दोन, तीन, चार. उजवीकडून.

उजवीकडून का, हा प्रश्न तिला पडलाच नाही. ठसा उलटून त्याचं तोंड बघताना उजवीकडून मोजायचं, कारण लाकडावरचं उजवं ते कापडावरचं डावं. लहानपणी हे चुकलं की अप्पा बोटांवर पट्टी मारत. वस्तू उलटी झाली की मोजणी उलटी: हे तिच्या बोटांना डोक्याच्या आधी कळत होतं.

ब्लॉक आणि क्रँक घासायला चिदंबरकडं गेले. ते परत यायला तीन आठवडे लागले, कारण आयुधपूजेच्या आधी म्हैसुरातलं कुठलंही मशीन माणसाचं ऐकत नाही, फक्त झेंडूच्या माळेची वाट बघतं. तोवर नागरत्ना व्हॉल्व्ह घासत बसली. व्हॉल्व्हच्या बुडाला खरखरीत पेस्ट लावायची आणि रवी घुसळतात तसा काठीचा दांडा दोन तळव्यांत फिरवायचा. आठ व्हॉल्व्ह. तळव्यांना फोड आले. एक पिस्टन रिंग तिनं घालताना मोडली, नवी आणली, तीही मोडली. दुकानदार म्हणाला, "नवऱ्याला पाठवा ना, मॅडम." तिनं एकदम दोन रिंगा घेतल्या, एक बसवायला आणि एक मोडायला. मोडायची वेळ आली नाही.

विजयेंद्र रविवारी फोन करी. उंटावरून शेळ्या हाकायची सवय तशी जुनीच. "अक्का, हट्ट सोड. हाताला लागेल काहीतरी."

"लागलंय. आधीच."

"मग?"

"मग काय, हळद लावली."

दिवाळीला आठ दिवस राहिले आणि जोडणी सुरू झाली. प्रत्येक टोपी आवळली की क्रँक फिरवून बघ, असं मॅन्युअल सांगत होतं. पण नागरत्नाचा उत्साह त्या दिवशी मॅन्युअलच्या दोन पानं पुढं होता. एका ठिपक्याच्या दांड्याला एका ठिपक्याची टोपी, दोनला दोन, अशा तिनं चारही बसवल्या आणि आवळल्या. मग क्रँकला पाना लावून जोर दिला. क्रँक हलला नाही. दोन्ही हातांनी दिला. पाइप लावून दिला. क्रँक जागचा हलेना.

चिदंबर आला. त्यानं टोप्या सैल केल्या. क्रँक भिंगरीसारखा फिरला. आवळल्या; पुन्हा थिजला. त्यानं मापं घेतली, डोकं खाजवलं. "अक्का, टोप्या अदलाबदल नाही ना झाल्या?"

नागरत्नाच्या कानशिलांत रक्त चढलं. "चिदंबर, बावीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक वॉशर चुकीच्या खणात गेला नाही. ठिपके बघ. डोळे आहेत ना?"

त्यानं ठिपके बघितले. एकाला एक, चाराला चार. त्यानं मान हलवली. "बेअरिंग बरोबर. क्रँक मी घासलाय, बरोबर. म्हणजे दांडेच गेलेत. हे दांडे आता कुठं मिळायचे नाहीत, अक्का." आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "साकु. पुरे झालं. तू केलंस एवढं कोण करतं?"

माणूस मायेनं हरायला सांगतो तेव्हा त्याला उत्तर देणं फार कठीण असतं. भावाचा टोमणा तिनं परतवला असता. ही माया मात्र परतवता येईना, म्हणून ती अधिकच भडकली. "साकु म्हणायचं काम माझं आहे," ती म्हणाली. "ते मी अजून म्हटलेलं नाही. तू घरी जा."

तो गेला. ती टेबलापाशी स्टूलावर बसली आणि पहिल्यांदाच मनात सामान बांधू लागली. कुठली भांडी न्यायची, कुठली वाटून टाकायची. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं पाना उचलला आणि चारही टोप्या पुन्हा उघडल्या. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून उघडल्या.

अप्पा खुर्चीतून सगळं बघत होते. दोन महिने त्यांनी तोंड घातलं नव्हतं. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, आणि त्याचा ताण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. आता त्यांना राहवलं नाही. "रत्ना, वरचे ठिपके कुठून दिलेस?"

"डावीकडून. रेडिएटरकडून."

"आणि खालचे?"

"उजवीकडून. उलटं होतं ना इंजिन."

"कसं उलटलंत?"

"कसं म्हणजे? उलटलं."

"अगं, कसं? हातानं दाखव."

तिनं हवेत हात फिरवून दाखवलं: ती माणसं पलीकडं उभी होती, त्यांनी इंजिन आपल्या अंगाकडं लोळवून घेतलं. अप्पा बघत राहिले. मग त्यांनी मांडीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्याचं पान उलटलं. "ठसा असा उलटतो. पानासारखा. डावं उजवीकडं जातं." मग त्यांनी कागद ठेवला आणि स्वतः खुर्चीतल्या खुर्चीत कण्हत एका अंगावर वळले. "आणि हे तुमचं इंजिन. त्यानं कूस बदलली. कूस बदलल्यावर माणसाचं डोकं पायाशी जातं काय गं?"

नागरत्नानं हवेत तोच हात पुन्हा एकदा फिरवून बघितला. रेडिएटरची बाजू डावीकडं होती, आणि इंजिन उताणं झाल्यावरही ती डावीकडंच राहिली होती. म्हणजे तिनं जिला एक ठिपका दिला ती टोपी चौथ्या दांड्याची होती, आणि चार ठिपक्यांची पहिल्याची. मधल्या दोघींचीही तीच गत. तिनं नीट नेमानं, सुबक ठिपके देऊन चारही जोड्यांची ताटातूट केली होती.

"माझी चूक नाही ही," अखेर ती म्हणाली. "तुमच्या पट्टीची आहे."

"पट्टी ठशासाठी होती," अप्पा म्हणाले. "इंजिनासाठी मारली असती तर वेगळी मारली असती."

ती हसली. मग जरा रडलीही, कारण दोन महिन्यांचं साचलेलं होतं आणि अप्पांसमोर लपवण्यात अर्थ नव्हता. मग तिनं डोळे पुसून टोप्या बदलल्या. या वेळी पहिली आवळली आणि क्रँक फिरवून बघितला. फिरला. दुसरी. फिरला. तिसरी, चौथी. जडसर पण सलग, चांगल्या मळलेल्या कणकेसारखा तो तिच्या हाताखाली फिरत होता. तिनं चिदंबरला फोन लावला. "टोप्या अदलाबदल झाल्या होत्या. तू विचारलंस, मी तुझे डोळे काढले. चुकलं माझं. उद्या कप्पी घेऊन ये."

चिदंबर एवढंच म्हणाला, "बरतीनि, अक्का." येतो.

इंजिन गाडीत बसायला, नळ्या-वायरी जोडायला आणि राहिलेले दोन नट कुठले हे शोधायला चार दिवस गेले. पाडव्याच्या सकाळी तिनं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. खोकला आला, गेला. चिदंबर पुढं सरसावला, पण तिच्या नजरेनं तो थांबला. तिनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची वायर काढून पुन्हा नीट दाबली आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. गाडी थरथरली, निळा ढग सोडला, तो विरला, आणि मांडवाचे पत्रे एका लयीत वाजू लागले. समोरच्या घरातले लोक दारात आले. अप्पा खुर्चीचे हात धरून उठले, गाडीपर्यंत आले, पुढचं दार उघडून आत बसले आणि बसूनच राहिले. तासाभरानं त्यांना जेवायला बाहेर काढावं लागलं.

भाऊबीजेला सकाळच्या ट्रेननं विजयेंद्र आला. गाडी सुरू करून दाखवली तेव्हा तो तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "मेकॅनिक कोण?"

"मी."

"तसं नाही, म्हणजे खरं कोणी केलं?"

"विजू, बॉनेट उघडं आहे. काय हवं ते विचार."

त्यानं विचारलं नाही. विचारायला भागांची नावं माहीत असावी लागतात. मग त्याचा चेहरा उजळला. "छानच झालं, अक्का. चालू गाडी आहे म्हटल्यावर घेणारे उड्या मारतील. ती विकून निवांत निघता येईल."

नागरत्नानं ऐकलं. पानावर बसताना शब्द द्यायचा आणि उठताना पुसून टाकायचा, ही त्याची लहानपणापासूनची रीत. तिला धक्का बसला नाही. वाईट मात्र वाटलं. इतकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पाट मांडला, त्याला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं खिशातून एक किल्ली काढून तबकात ठेवली. नवी, चकचकीत, बंगळूरच्या फ्लॅटची.

"ओवाळणी परत करायची नसते," तो म्हणाला.

"परत कोण करतंय?" तिनं किल्ली उचलली आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली. "बहिणीकडं भावाच्या घराची किल्ली असावीच. भावाकडं बहिणीच्या घराची असायची गरज नाही. तू सगळ्यांसमोर शब्द दिलास, मी तुझ्या तारखेच्या आत काम केलं. तुला शब्द पाळता येत नसेल तर तो तुझा प्रश्न. हे घर हलणार नाही. अप्पा हलणार नाहीत. मी तर नाहीच."

"अक्का, मी तुमच्याच भल्यासाठी—"

"माहीत आहे. म्हणून तर जेवायला वाढतेय. तुझी ट्रेन कितीची?"

"संध्याकाळी. मी ऑटो करेन."

"कशाला की ऑटो? गाडी आहे ना."

संध्याकाळी अप्पा आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. विजयेंद्र बॅग मांडीवर घेऊन मागं बसला. रस्ताभर तो इंजिनाचा आवाज ऐकत होता, काही खटकतंय का म्हणून. काही खटकलं नाही. दिव्यांनी गजबजलेल्या रस्त्यांतून नागरत्ना ताशी तीसच्या वर गेली नाही. मागचे हॉर्न वाजवून थकले आणि बाजूनं निघून गेले.

स्टेशनवर तो उतरला, पण गेला नाही. खिडकीशी वाकून म्हणाला, "इतकी हळू का चालवतेस? एवढा विश्वास आहे तर पळव की."

"नवीन बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर जपूनच चालवायचं असतं. लांब न्यायचं नाही, पळवायचं नाही." तिनं गिअर टाकला. "नंजनगूडला जाऊन यायला पन्नास होतात. आठवड्याला एक सोमवार. किती आठवडे ते तू काढ, बँकेत आहेस."

विजयेंद्रनं खरोखरच मनात गुणाकार केला. "वीस आठवडे. आणि हजार झाल्यावर?"

"मग पुन्हा उघडीन," नागरत्ना म्हणाली.